रांगेतले गजभिये सर

गजभिये सर गेल्याची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकली. सेक्रेटरी म्हणून ते माझं कामच होतं. दुपारपर्यंत हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली, मधेच कुणीतरी पाण्याचा टँकर कधी येणार असं विचारलं, आणि चेअरमन शितोळ्यांनी लिहिलं, 'एक तत्त्वनिष्ठ माणूस हरपला.' मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. याच शितोळ्यांनी एकदा मला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "हा म्हातारा फ्लॅट विकून गेला तर मी बिल्डिंगभर पेढे वाटीन." सरांनी तो संदेश वाचला असता तर एकच शब्द विचारला असता. "कशावरून?"

मला ते आवडत नसत. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात आपोआप मऊ होतो, आणि तसं झालेलं त्यांना खपलं नसतं. कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे, मी तिसऱ्या. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण पुण्यात चाळीसेक वर्षं काढलेली. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बोलणं इतकं स्वच्छ पुणेरी की ते बाहेरचे आहेत हे फक्त चिडले की कळायचं. मग 'कशावरून'च्या जागी तिकडचं 'काहून', म्हणजे 'का म्हणून', यायचं. 'काहून' ऐकलं की समोरच्यानं विषय बदलावा, हे आम्ही सगळे शिकलो होतो.

आमची पहिली खरी ओळख प्रजासत्ताक दिनाला झाली. झेंडावंदनानंतर पार्किंगमध्ये चहा-जिलेबी असते आणि त्याआधी कुणीतरी चार शब्द बोलतं. त्या वर्षी मी सरांना विनंती केली. विषयही मीच दिला, मानवी हक्क. मला वाटलं, गोड बोलतील, टाळ्या पडतील.

सर माइक हातात न घेता म्हणाले, "माणसाला हक्क का असतात? कुणी सांगेल?"

शितोळे म्हणाले, "देवानं सगळ्यांना सारखंच बनवलंय सर."

"मी देव मानत नाही. मला नाहीत मग?"

"संविधानात लिहिलंय," कुणाचीतरी मुलगी म्हणाली.

"उद्या कुणी ते पान फाडलं तर तुमचे हक्क गेले? की पान फाडणं चूक ठरेल? चूक ठरणार असेल, तर हक्क पानाच्या आधीचा आहे. मग तो आला कुठून?"

एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "माणसाला बुद्धी आहे, विचार करता येतो, म्हणून."

"बरं. मग ज्या वृद्ध बाईंची स्मृती गेली आहे, ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही, त्यांना हक्क नाहीत?"

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे व्हीलचेअरवर माझी आई बसली होती. तिला त्या काळात माझंही नाव आठवत नसे.

शेवटी शितोळ्यांनी वैतागून विचारलं, "मग तुमचं उत्तर काय ते तरी सांगा."

"मला सापडलेलं नाही," सर म्हणाले. "आयुष्यभर शोधलं. प्रत्येक उत्तरात कुणीतरी बाहेर राहतं. उत्तर सापडेपर्यंत कुणाला बाहेर ठेवायचं नाही, एवढंच मी पाळतो." आणि जिलेबी न खाता ते वर निघून गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेलो. मी रागातच होतो. म्हटलं, "सर, माझ्या आईचं उदाहरण द्यायची काही गरज होती?"

"मी त्यांचं नाव घेतलं नाही. माना तुम्ही लोकांनी वळवल्या." दार त्यांनी अर्धवटच उघडलं होतं. "आणि सेक्रेटरीसाहेब, त्या माणूस आहेत की नाहीत याचा निकाल त्यांच्या स्मरणशक्तीवर लागू नये, असंच मी म्हणत होतो. तुम्ही ऐकत नव्हता."

माफी त्यांनी मागितली नाही. मी मनातून त्यांना तेव्हाच वजा केलं. पण एक गोष्ट लिहायलाच हवी. आईला सकाळी उन्हात खाली आणलं की सर तिच्यासमोर थांबायचे आणि म्हणायचे, "नमस्कार. मी गजभिये. दुसऱ्या मजल्यावर राहतो. आपण कशा आहात?" रोज, तेच, पूर्ण. बाकी सगळे, मीसुद्धा, तिला विचारायचो, "ओळखलंस का? सांग बघू मी कोण?" आणि तिचा चेहरा कावराबावरा व्हायचा. सरांनी तिची परीक्षा एकदाही घेतली नाही. हे ती गेल्यानंतर माझ्या लक्षात आलं. तरीही ते मला आवडायला लागले नाहीत.

त्यांच्या घरी आणि आमच्या घरी काम करणारी बाई एकच होती, सुनंदा. सर तिला 'सुनंदाबाई' म्हणत आणि 'तुम्ही' म्हणत. रविवारी सुट्टी, आजारपणाची सुट्टी, सगळं ठरलेलं. पण पोरं कशी आहेत, नवरा काय करतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तिला चहा विचारायचे नाहीत, हवा असेल तर करून घ्या म्हणायचे. सुनंदा माझ्या बायकोला सांगायची, "वहिनी, सरांकडं काम हलकं हाय, पर जीव गुदमरतो. माणूस हसतच न्हाई वो." आमच्याकडे मात्र तिला चहा मिळायचा, दिवाळीला साडी, जुने कपडे, तिच्या अडचणी ऐकायला बायको. माझ्या मनात सतत काहीतरी बोचत असतं, लहानपणापासून, आणि कुणाला काही दिलं की ते थोडा वेळ थांबतं. सुनंदाला दिलं की जास्त वेळ थांबायचं. तिच्या दांड्या मात्र बायको कॅलेंडरवर लिहून ठेवायची.

मग शेजारच्या इमारतीत चोरी झाली आणि आमच्या कमिटीनं ठराव केला की कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या बाहेर पडताना गेटवर तपासायच्या. साळुंके वॉचमनच्या केबिनपाशी एक टेबल ठेवलं गेलं. कमिटीत मी विरोध केला होता आणि हरलो होतो. जिन्यात सर भेटले तेव्हा मी जरा अभिमानानंच सांगितलं, "मी विरोध केला सर. म्हटलं, या बायका प्रामाणिक आहेत, वर्षानुवर्षं आपल्या घरात वावरतात, घरच्यासारख्याच आहेत."

"म्हणजे अप्रामाणिक असत्या तर तपासायला हरकत नव्हती?"

"तसं नाही सर."

"तसंच आहे. तुम्ही त्यांच्या वतीनं चारित्र्याचा दाखला दिलात. दाखला चुकीचा निघाला की काय कराल?"

मी म्हटलं, "सर, निदान आम्ही त्यांच्याशी चांगलं तरी वागतो." बोलण्यातला टोला त्यांना बरोबर लागला. ते कठड्याला टेकून उभे राहिले आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल काही बोलले.

"आमच्या गावात मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरून आम्हाला रोज ताक मिळायचं. बाई फार चांगल्या. माझ्या आईची विचारपूस करायच्या, माझ्या शाळेचं विचारायच्या. एका उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी चावडीवर जाऊन मजुरीचा प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी ताक बंद. बाई वाईट झाल्या नव्हत्या हो. ताक त्यांचं होतं, त्यांनी बंद केलं. मी पातेलं घेऊन परत आलो." मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "तुम्ही चांगले आहात, याचा त्या बायकांना काही उपयोग नाही. उद्या तुम्ही चांगले नसाल."

दुसऱ्या दिवसापासून सर रांगेत उभे राहायला लागले. भाजीला निघताना खांद्यावर कापडी पिशवी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. बायकांच्या मागे उभे राहायचे आणि पाळी आली की पिशवी टेबलावर ठेवायचे.

"सर, तुमची कशाला?" साळुंके कानकोंडा व्हायचा.

"मीही बाहेर चाललोय. माझ्या पिशवीत काय आहे तुम्हाला माहीत नाही. उघडा."

"सर, चेअरमन मला नोकरीवरून काढतील."

"मग यांचीही उघडू नका."

साळुंके घामाघूम व्हायचा आणि सरांची रिकामी पिशवी उलटी करून दाखवायचा. मागे उशीर झालेल्या बायका कटकट करायच्या. एक जण तर तोंडावर म्हणाली, "सर, तुमचं तत्त्व उद्या करा की! मला पुढच्या घरी म्हातारीला जेवण द्यायचंय." सर म्हणाले, "तुमचा उशीर या टेबलामुळे होतोय, माझ्यामुळे नाही." ती म्हणाली, "तुम्ही आल्यापासून जास्त होतोय," आणि बाकीच्या मोठ्यानं हसल्या. त्यांना सर आपले वाटत होते असं कुणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. त्यांना ते विक्षिप्त वाटायचे, साळुंकेला छळ वाटायचे आणि रहिवाशांना नाटक.

त्यांनी वार्षिक सभेसाठी लेखी ठराव दिला, झडती बंद करावी म्हणून. सभा रविवारी होती. आदल्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, मी स्कूटर लावून गेटपाशी आलो तर रांग होती. पुढे सुनंदा, तिच्या मागे सर. साळुंकेनं तिचा स्टीलचा डबा उघडला. पोळीच्या खाली कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते उलगडलं. सोन्याची चेन होती.

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती चेन मीही ओळखली, त्यांच्या दारातून दिसणाऱ्या, गेलेल्या बायकोच्या फोटोत ती तिच्या गळ्यात होती.

"ही माझ्या घरची आहे," सर म्हणाले.

सुनंदा टेबलाला धरून खाली बसली. "सर, चुकलं. पाया पडते. लय अडचन हाय वो घरी, ऐका तरी..."

"मी तक्रार करणार आहे, सुनंदाबाई. कारण असेल ते तिथे सांगा."

मग त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि साळुंकेला म्हणाले, "आता माझी."

"सर, आता कशाला..."

"काहून? माझी पाळी आहे."

सुनंदानं ती चेन का घेतली होती, ते मला नंतर कळलं. मी ते इथे लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्हाला तिची दया येईल आणि मग सगळा हिशेब त्या दयेवर होईल. सरांनी ते ऐकून घेतलं नव्हतं, हे मला तेव्हा क्रूर वाटलं. आजही वाटतं.

रविवारच्या सभेला कधी नव्हे ती गर्दी झाली. शितोळे खुशीत होते. "सर, विषय मागे घेताय ना?"

"काहून?"

हशा झाला. सर उभे राहिले. "चेन माझी चोरली गेली. चोरी झाली, यात शंका नाही. मी पोलिसांत तक्रार केली आहे आणि ती मागे घेणार नाही. आता माझा ठराव. कुणाचीही पिशवी तपासू नये."

"अहो, तपासली म्हणून तर सापडली तुमची चेन!" मागून कुणीतरी ओरडलं.

"हो. म्हणून इतरांच्या पिशव्यांवर माझा हक्क झाला का? एकीनं चोरी केली म्हणून बाकीच्यांनी रोज डबे उघडून दाखवायचे. गेल्या वर्षी आपल्या इमारतीत एकानं बायकोला मारलं, पोलीस आले होते, सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून आपण सगळ्या नवऱ्यांना रोज संध्याकाळी गेटवर थांबवून विचारतो का, की आज मारणार नाही ना?"

एकच गोंधळ झाला. "हा अपमान आहे," "माफी मागा," "यांना खाली बसवा." एक बाई उठून निघून गेल्या. शितोळे टेबलावर हात आपटत होते. आणि मी, ज्याला भांडण सहन होत नाही, मी उभा राहिलो आणि मधला मार्ग सुचवला. म्हटलं, ज्या बायका जुन्या आहेत, ज्यांच्याबद्दल दोन घरं खात्री देतील, त्यांना हिरवं कार्ड द्यावं. कार्ड दाखवलं की झडती नाही. नव्यांची मात्र व्हावी.

सगळ्यांना पटलं. टाळ्या वाजल्या. मला खरंच वाटलं की मी काहीतरी चांगलं केलं. एकट्या सरांचा हात विरोधात वर होता.

जाताना ते माझ्याजवळ थांबले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "यापेक्षा सरसकट झडती बरी होती," ते म्हणाले. "ती निदान उघड अपमान होती. तुम्ही ताक वाटायला बसलात."

कार्डांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. महिन्याभरात बायका सुट्टी मागायला घाबरू लागल्या, कारण घरातलं कुणी नाराज झालं की कार्ड परत मागायचं. कार्डवाल्या आणि बिनकार्डवाल्या वेगवेगळ्या उभ्या राहू लागल्या. एकीनं दुसरीची चुगली केली. माझ्या बायकोनं एकदा रागात, "कार्ड काढून घ्यायला सांगू का ह्यांना?" असं आमच्याकडे सुनंदाच्या जागी आलेल्या जुन्या, कार्डवाल्या बाईला विचारलेलं मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि बाहेर आलो नाही. सर बिनकार्डवाल्यांच्या रांगेत पिशवी घेऊन उभे राहतच होते. ती चेन पोलिसांकडे जमा होती, खटला संपेपर्यंत मिळणार नव्हती. मी एकदा म्हटलं, "सर, तक्रार मागे घेतली तर तुमच्या पत्नीची आठवण तरी घरी येईल. आणि ती बिचारी सुटेल." ते म्हणाले, "बिचारी म्हणू नका. तिनं चोरी केली आहे. मोठी बाई आहे, स्वतःच्या कृत्याला जबाबदार आहे. तेवढा तरी मान द्या तिला."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चौकीत. गेटवर काय घडलं याचा जबाब द्यायला मला बोलावलं होतं, सरांनाही. त्यानंतर आठवड्याभरात ते मुलीकडे नागपूरला गेले आणि तिथेच वारले.

चौकीत गेलो तर सुनंदा आधीच आली होती. तिला नोटीस देऊन सोडलं होतं, तीही जबाबासाठीच आलेली. भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, पदर डोक्यावरून घेतलेला. हवालदारानं आम्हाला दोन खुर्च्या दाखवल्या. "बसा सर, बसा साहेब. साहेब येतीलच आमचे." मी बसलो.

सर उभेच राहिले. "यांना खुर्ची द्या."

"कुणाला? हिला?" हवालदार हसला. "सर, आरोपी आहे ती."

"माहीत आहे. आरोप मीच केलाय."

"तुमच्याच घरी चोरी केली ना हिनं?"

"केली. त्याचा बसण्याशी काय संबंध?"

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तो पुटपुटत आत गेला, एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि सुनंदाजवळ आपटून ठेवली. "घे. बस."

"बसा, म्हणा," सर म्हणाले.

"बसा बाई," हवालदार दात खात म्हणाला.

"मला नगं," सुनंदा म्हणाली. तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, निव्वळ संताप होता. "मला खुर्ची नगं. तक्रार मागं घ्या. मला आता कुनी कामाला ठेवत न्हाई. पोरीला लोक टोचून बोलतात. खुर्ची घेऊन मी काय करू?"

"तक्रार मी मागे घेणार नाही," सर म्हणाले.

"त्यापरीस दोन थोबाडीत मारायच्या व्हत्या मला. मी गप खाल्ल्या असत्या."

"ते मी करू शकत नाही."

"का? मी काय लागते तुमची?"

सरांनी तोंड उघडलं. आयुष्यभर त्यांनी हाच प्रश्न लोकांना विचारला होता, आणि मी वाट पाहत होतो की ते काय म्हणतात. त्यांनी शर्टाचं मनगटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"खुर्ची माझी नाही," शेवटी ते एवढंच म्हणाले. "तुम्ही बसलात तर माझे उपकार होत नाहीत. नाही बसलात तरी माझं काही जात नाही."

पंखा कुरकुरत होता. मग सुनंदा गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं ती खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवली, आणि सरांकडे पाठ करून बसली.

तेव्हा सर बसले.

माझा जबाब आधी झाला. मी बाहेर पडताना मागे वळून पाहिलं. दोघं तसेच होते. ती भिंतीकडे बघत, ते तिच्या पाठीकडे बघत, ताठ, एकमेकांवर चिडलेले. हवालदार टेबलावरून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता, आणि आपण आत्ता नक्की काय ऐकलं हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. मलाही नव्हतं. मी पायऱ्या उतरलो आणि स्कूटरपाशी जाऊन कितीतरी वेळ किल्ली न लावता उभा राहिलो.